समोर बघणारी बदकं

केज तालुक्यात माझ्या हातून सुटलेला एकही पुढारी नाही! भिंतीवर म्हणतोय मी. भिंतीवर, कमानीवर, ट्रकच्या मागच्या फळीवर, दूध संस्थेच्या पत्र्यावर, जिथे जागा दिसली तिथे मी पुढारी काढला आहे. आणि माझी खासियत म्हणजे डोळे! गुरुपाद पेंटरने काढलेले डोळे कुठूनही बघा, ते तुमच्याकडेच बघतात. तुम्ही डावीकडे सरका, ते डावीकडे. उजवीकडे सरका, ते उजवीकडे. मी काढलेल्या एका सभापतींच्या चित्रासमोरून जाताना एक ग्रामसेवक सायकलवरून खाली उतरला होता. नंतर कळलं की सायकल पंक्चर होती. पण उतरला तो चित्रासमोरच ना!

यातली मेख तुम्हाला सांगतो. चेहरा समोरून काढायचा आणि बुबुळं अगदी मधोमध ठेवायची. हे शहाणपण मला ठेच लागून आलं. पाटोद्याला राधाकिशनभाऊ म्हणून एक उमेदवार उभे होते. कलेची खुमखुमी आली म्हणून मी त्यांना बाजूने काढलं, लांब कुठेतरी बघताना. विरोधकांनी गावोगाव उठवून दिलं, "राधाकिशनला एकच डोळा हाय! फुटका डोळा झाकाय तिरपा उभा राहिलाय!" भाऊ पडले. मग ते पाटोद्याच्या बाजारात चप्पल घेऊन माझ्यामागे धावले, तेव्हा मला त्यांचे दोन्ही डोळे स्पष्ट दिसले. त्याच दिवशी मी शपथ घेतली: यापुढे कुणालाही एका डोळ्याचं काढायचं नाही. माणूस असो, देव असो, नाहीतर बैल असो!

ही शपथ मी कधी मोडली नाही. सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

माझे सासरे गुरुलिंगअप्पा हिवरपांगरीचे. गावात त्यांचं किराणा दुकान, आणि गावच्या उपसा जलसिंचन सहकारी संस्थेचे ते पहिल्यापासून चेअरमन. संस्थेकडे सगळं होतं. तीन मोटारी, शेतापर्यंत पाइप, संचालक मंडळ, सचिव, शिक्का. फक्त पाणी नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि ज्या तळ्यातून पाणी उपसायचं त्या तळ्यात आता गावची शेरडं चरत होती.

अप्पांचा माझ्यावर राग नव्हता. राग असता तरी चाललं असतं! पण ते पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. असतात केजला." बस. जावई काय करतात, हे सांगायची वेळ आली की अप्पांना खोकला यायचा. त्यांच्या तोंडून "आमचे जावई पेंटर हायत" एवढे चार शब्द ऐकावेत म्हणून माझा जीव तळमळत होता. मला हसा, पण मला खरंच तसं वाटायचं.

तर दसऱ्याच्या सुमारास अप्पांनी मला बोलावून घेतलं. गंगासागर, म्हणजे माझी बायको, माहेरीच होती.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "दसरा झाला की विशेष सभा हाय. मेंबर म्हणायलेत, संस्था मोडा, मोटारी इकून टाका. लोकं तळं इसरलेत. तळ्याकडची मोटारघराची भिंत हाय बघा, लांबलचक. तिच्यावर तळं काढा. भरल्यालं! पाखरांसकट! आपुन काय मोडाय निघालोत, ते मेंबरांनी बघितलं पाहिजे."

"अप्पा, असं तळं काढतो की लोक चपला काढून हातात धरतील!"

"काढा. सभेत संस्था राहिली तर तुमचा धंदा खरा. न्हाई राहिली, तर दिवाळीपासून माझ्या दुकानात बसा. गूळ जोखाय मला माणूस लागतोच."

गंगासागर चहा घेऊन आली. कपबशी ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "अहो, बदक बघितलंय का तुमी कधी?"

"त्यात बघायचं काय? पुढाऱ्याला मान असते, बदकाला जरा जास्त लांब असते. एवढाच फरक!"

ती तशीच आत गेली. गंगासागर अशी आत गेली की समजावं, आपलं काहीतरी चुकलं आहे. पण मी समजलो नाही.

बदकं मी खरोखरच पाहिली नव्हती. ती दाखवायला अप्पांनी धुळाजीला माझ्याबरोबर दिलं. धुळाजी संस्थेचा पाटकरी. पूर्वी पाणी सोडायचा आणि बंद करायचा, आता नुसताच तळ्याकाठी बसून असायचा. तो म्हणाला, "चला, दावतो." मला वाटलं, कुठेतरी एखादं डबकं उरलं असेल. त्याने मला सरळ तळ्याच्या मधोमध नेलं.

काळी जमीन भेगाळून पडली होती. पायाखाली शिंपले कुरकुर मोडत होते. मधल्या भागात, तळं बांधलं तेव्हा बुडालेल्या जुन्या वस्तीची जोती उघडी पडली होती. एक उखळ होतं. एक दगडी चौकट होती. घर नाही, भिंती नाहीत, नुसती दाराची चौकट उभी! गावातलं कुणी दिवस कलल्यावर तिकडे फिरकत नसे. धुळाजी त्या चौकटीतून वाकून आत गेला. मी आपला शेजारून गेलो, तर तो थांबला.

"दारातून या की, पाव्हणं. कुणाचं तरी घर हाय."

मी मुकाट्याने मागे फिरलो आणि दारातून आत गेलो. आत म्हणजे कुठे, ते विचारू नका.

मग धुळाजी आमच्या डोक्यावर बोट दाखवू लागला. "ह्ये बघा, हितं पाणी. दोन पुरुस." म्हणजे आम्ही पाण्याच्या बुडाशी उभे होतो! "त्या अंगाला पानगवतात हळदीकुंकू बदकं. चोचीच्या शेंड्याला हळद, बुडाला कुंकवाचे ठिपके. काठाच्या त्या झाडाच्या ढोलीत नकटा. नराच्या चोचीवर ह्येवढं टेंगूळ. उथळात थापट्या, उलथन्यावानी चोच घिऊन चिखल चाळीत बसतो. चक्रवाक हिवाळ्यात येतो, भगवा भडक, पान्यात कमी अन् काठाच्या वाळूवर जास्ती. उन्हाळ्यात पाणी हटलं की ह्या चौकटीचा माथा वर निघायचा, त्याच्यावर पानकावळा बसायचा पंख वाळू घालून. अन् टिबुकली हितं, खोल पान्यात. आत्ता तुमच्या डोक्यावर हाय बघा."

मी पटकन डोक्याला हात लावला.

"बुडी मारली तिनं," धुळाजी म्हणाला. "आता निघंल भलतीकडंच."

आणि खरं सांगतो, भर दुपारच्या उन्हात माझ्या पाठीवरून गार काहीतरी सरकलं. मी विचारलं, "मग आता कुठे असतात हे सगळे?"

"वरून जात्यात," तो म्हणाला. "खाली बघत्यात, अन् जात्यात."

मी कामाला लागलो. आणि महाराजा, काय तळं उतरलं म्हणता! निळं, भरलेलं, काठाशी हिरवं. धुळाजीने सांगितलेल्या जागी एकेक पाखरू. पन्नास-साठ तरी असतील. फक्त डोळे नव्हते. आमच्या धंद्यात डोळे सगळ्यात शेवटी. देवाचे डोळे उघडताना पूजा घालतात, पुढाऱ्याचे उघडताना नारळ फोडतात. मग बदकांनीच काय घोडं मारलंय? अप्पांनाही ते पटलं. सभेआधीचा सोमवार धरून, बेल वाहून डोळे उघडायचे, असं ठरलं.

सोमवार अजून लांब होता. तोवर भिंतीवर भरलेलं तळं आणि त्यात पन्नास-साठ आंधळी पाखरं!

माना उंच करून सगळी उभी, तोंडं आमच्याकडे, आणि डोळ्यांच्या जागी पांढरे गोल. पहिल्यांदा शेरडं त्या बाजूला जाईनाशी झाली. मग बायका जाईनाशा झाल्या. मग वच्छलाबाई आल्या. या अप्पांच्या चुलतबहीण आणि संस्थेच्या मेंबर. गावात पाऊस पडला तरी त्यांना विचारून पडतो, असं लोक म्हणायचे.

"गुरुपाद, ह्या पाखरांस्नी डोळे कावून न्हाईत?"

"सोमवारी उघडायचेत, आत्याबाई."

"परतीचा पाऊसबी गेला बग कोरडा! आंधळ्या पाखरांस्नी पाणी कसं दिसंल? हुडकत असतील बिचारी! संध्याकाळी वरडत्यात, ऐकलं न्हाईस?"

"चित्रं कशी ओरडतील?"

"मग कोण वरडतंय?"

त्या संध्याकाळी मी मुद्दाम भिंतीपाशी थांबलो. ब्रश धुतो आहे असं दाखवत होतो. दिवस बुडाला, तळ्यावर करडा अंधार उतरला, आणि खालून आवाज आला. बारीक, ओली शीळ. एकदा. मग पुन्हा. थेट बुडालेल्या वस्तीतून! मी भिंतीकडे वळून पाहिलं. पांढऱ्या डोळ्यांची सगळी पाखरं माझ्यासमोर कान देऊन उभी होती. बदकांना कान दिसत नाहीत हे मला माहीत आहे. त्या वेळी दिसत होते!

पळून जावं असं फार वाटलं. पण वरच्या बांधावर गंगासागर माझी वाट बघत उभी होती आणि बायकोसमोर पळणं बरं दिसत नाही. म्हणून मी उलट तळ्यात उतरलो. ती चौकट आली. चौकटीच्या आत, जोत्यावर, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

"क... कोण आहे?"

"म्या हाय, धुळाजी. दारातून या."

तोंडाशी दोन्ही हात धरून तो शीळ घालत होता.

"अरे, काय करतोस तू इथे? गाव घाबरलंय तिकडे!"

"अडई बदकाची शीळ हाय," तो म्हणाला. "ह्या वक्ताला वरून जात्यात. पाणी दिसंना तर वळखायची कशी जागा? म्हणून हाक मारतो रोज. तळं हितंच हाय म्हणून."

मी त्याच्याशेजारी खाली बसलो. तो पुन्हा शीळ घालू लागला.

परत येताना मी मनाशी ठरवलं, या पाखरांना असे डोळे द्यायचे की वरून जाणाऱ्यालाही दिसले पाहिजेत! नुसत्या रंगाचे नाही. रेडियमचे!

मांजरसुंब्याला ढाब्यांसमोर ट्रक उभे असतात, त्यांच्या मागे रेडियमची अक्षरं मीच कापून चिकटवतो. दिव्याचा उजेड पडला की लखकन चमकतं! घरी पिवळ्या रेडियमचे तुकडे पडलेच होते. मी कात्रीने गोल कापले. सोमवारी बेल वाहिला, नारळ फोडला, आणि एकेका पाखराला डोळे लावत गेलो. प्रत्येकाला दोन. समोर. मधोमध काळं बुबुळ. माझी शपथ!

शेवटचा डोळा लावून मी मागे सरकलो. गंगासागर बघत होती. ती डावीकडे गेली. मग उजवीकडे गेली.

"अहो, ही माझ्याकडं कावून बघायलीत?"

"हीच तर कला!"

"सगळीच्या सगळी?"

"एकही सुटणार नाही!"

"लग्नाच्या फोटोत वऱ्हाड उभं राहिल्यावानी दिसायलंय," ती म्हणाली, आणि पदर नीट करून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हाहाकार सुरू झाला. आता हे जरा नाजूक आहे, पण सांगावं लागेल. तळं आटल्यापासून गावातले समस्त पुरुष पहाटे टमरेल घेऊन तळ्यातच जायचे. विस्तीर्ण जागा, निवांत वारा! आणि आता त्या निवांत वाऱ्यात पन्नास-साठ बदकं टक लावून बसलेली. उखळाआड बसा, बघतायत. बाभळीआड बसा, बघतायत. पाठ करून बसा, तर पाठीत काहीतरी टोचतंय! माणसं तशीच उठून परत येऊ लागली. दोन दिवसांत गावातल्या कर्त्या पुरुषांची तोंडं अशी झाली की बघवेना.

"जावईबापू," अप्पा स्वतः मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "त्या मधल्या नकट्याला तेवढं जरा तिकडं बघाय लावा की."

"अप्पा, तसं होत नसतं. ती नजर आहे!"

"लई वाईट नजर हाय," अप्पा म्हणाले आणि टमरेल घेऊन थेट शेताकडे गेले, दोन मैल.

इथवर थांबलं असतं तरी मी हसण्यावारी नेलं असतं. पण गावाला टँकर यायचा. मांजरसुंब्याहून बिभीषण नावाचा ड्रायव्हर सोमवार सोडून रोज दिवेलागणीला पाणी आणायचा. तळं कोरडंच, म्हणून जवळची वाट धरून तो तळ्यातूनच यायचा. त्या मंगळवारी संध्याकाळी बायका आडापाशी हंडे मांडून उभ्या होत्या. लांबून टँकरचे दिवे दिसले. दिवे बुडालेल्या वस्तीपाशी आले, दगडी चौकटीवर पडले, चौकटीतून पुढे निघाले आणि भिंतीवर आदळले.

एकदम सगळी उघडली. अंधारात, जमिनीपासून उंच, जिथे कधीकाळी पाणी होतं त्या पातळीवर, पिवळ्या डोळ्यांच्या जोड्याच जोड्या. भिंत दिसत नव्हती. बदकं दिसत नव्हती. नुसते डोळे! मी स्वतः लावलेले होते, तरी माझ्या तोंडून शिवा शिवा निघालं.

टँकर जागच्या जागी थांबला. मग आतून एक किंकाळी आली, आणि बिभीषणने टँकर तसाच उलटा, मागे न बघता, तळ्याबाहेर काढला. पाण्यासकट गेला!

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वच्छलाबाई अप्पांच्या दारात आल्या, रिकामा हंडा उंबऱ्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता परत गेल्या. त्यांच्यामागून दुसरी आली, तिनेही ठेवला. मग तिसरी आली. अंगणात हंडे वाढत गेले. तेव्हा मला खरी भीती वाटली. भिंतीवरच्या डोळ्यांची नाही, त्या हंड्यांची.

अप्पा आणि मी जीप धरून मांजरसुंब्याला गेलो. बिभीषण एका ढाब्यावर बाजेवर बसला होता, गळ्यात दोन नवे ताईत.

"म्या न्हाई येणार बे!" मला बघताच तो ओरडला. "बुडाल्याली समदी वस्ती दारात यिऊन उभी हाय!"

"अरे, बदकं आहेत ती! मी काढलीत!"

"बदकं?" बिभीषण उठून उभा राहिला. "मला येडं समजता काय? घरी कोंबड्या हायत माझ्या. पाखराचा डोळा ह्या अंगाला एक अन् त्या अंगाला एक! समोर दोन डोळे माणसाला असत्यात, न्हाईतर घुबडाला!"

मी त्याला माझ्या शपथेची सगळी हकिकत सांगणार होतो. पण अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चहा मागवला.

शेवटी तोड निघाली. टँकर यायच्या वेळी बदकांचे डोळे झाकायचे. अप्पांच्या दुकानातली गोणपाटं शिवून मी एक लांबलचक पडदा केला. रोज सूर्य मावळला की शिडी लावायची आणि पडदा सोडायचा, टँकर गेला की गुंडाळायचा. तालुक्यातला नावाजलेला चित्रकार बदकांना झोपवायच्या नोकरीला लागला होता! पण बिभीषण यायला लागला. येताना मोठ्याने देवाचं नाव घ्यायचा, पण यायचा.

आणि सभेचा दिवस उगवला. बरेचसे मेंबर त्याच संध्याकाळी ऊसतोडीला निघणार होते. मुकादमाचा ट्रक बिऱ्हाडं भरून भिंतीसमोरच उभा होता. म्हणून सभा दिवस मावळताना ठेवली. वीज नेहमीप्रमाणे गेली. पडदा मी आधीच सोडला होता, कारण टँकर यायचा होता. म्हणजे ज्या चित्रासाठी हा सगळा अट्टाहास, ते चित्र सभेच्या वेळी गोणपाटाखाली! माझ्या डोळ्यांसमोर गुळाच्या ढेपी नाचू लागल्या.

अप्पा उठले. आवाज बसलेला होता. "मी ही संस्था काढली तवा तुमी समदे संगं होता," ते म्हणाले. "आता काय म्हणू? पाणी न्हाई, ते मला दिसतंय. ज्यांना संस्था मोडायची हाय, त्यांनी हात वर करा."

"अंधारात हात कसे दिसतील?" कुणीतरी म्हणालं.

"दिवे लावतो की!" ट्रकवाला म्हणाला.

त्याने दिवे लावले आणि त्याच वेळी तळ्याकडून वाऱ्याची एक वावटळ आली. गोणपाटाचा पडदा फुगला, दोरी तुटली, आणि सगळा पडदा सर्रकन खाली आला.

भिंतभर डोळे उघडले.

वर गेलेले हात तसेच हवेत राहिले. मेंबर डावीकडे झुकले, डोळे डावीकडे. उजवीकडे झुकले, डोळे उजवीकडे. आणि त्या शांततेत खालून, बुडालेल्या वस्तीतून, शीळ आली. धुळाजी मेंबर नव्हता. त्याची ती रोजची वेळ होती. हे मला माहीत होतं, म्हणून मी एकटा शांत होतो.

मग आकाशातून उत्तर आलं.

उंच, काळोखात, एक शीळ. मग अनेक. आमच्या डोक्यांवरून एक थवा चालला होता, दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. खालून धुळाजी हाक मारत होता, वरून ती ओ देत होती, आणि समोर ती पिवळी नजर. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आजही लिहिताना येतो आहे.

एकेक हात खाली आला. सगळ्यात पुढे बसलेल्याचा हात फार वर गेला होता, त्याने त्याच हाताने डोकं खाजवलं.

"पाखरं नगं म्हणायलीत," वच्छलाबाई म्हणाल्या. "ज्याला मोडायचं त्यानं तेंच्या तोंडावर मोडा."

कुणी मोडलं नाही. संस्था राहिली!

मी छाती काढून अप्पांसमोर उभा राहिलो. अप्पा भिंतीकडे बघत होते.

"संस्था राहिली खरी," ते म्हणाले. "पण ती चित्रानं राहिली का भ्यानं, ते मला कळंना. तळ्यात पाणी येऊ द्या. ज्यांची चित्रं काढलीत ती बसू द्या तळ्यात. मग ठरवू, तुमी कोण ते."

मी मान्य केलं. मान्य न करून सांगतो कुणाला?

पुढच्या वर्षी तळं भरलं. जोती बुडाली, उखळ बुडालं, चौकट बुडाली. थंडी पडली तसा अप्पांचा निरोप आला: पाखरं यायलीत, या. मी इस्त्रीचा शर्ट घातला, गंगासागर नवं लुगडं नेसली. सगळं गाव काठावर जमलं होतं. सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर पडलं होतं, आणि खालच्या संथ पाण्यात भिंत उलटी दिसत होती. म्हणजे डोळे आता दुप्पट!

थवा आला. भगवे चक्रवाक होते, मागे हळदीकुंकू. एक घिरटी घातली, खाली उतरले, पाय पुढे केले, पाण्याला टेकणार इतक्यात सगळे एकदम फडफडून वर गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. त्या दिवशी तसंच, दुसऱ्या दिवशीही तसंच. ओरडत ओरडत भरल्या तळ्यावरून जायचे आणि कुठे निघून जायचे कोण जाणे. काठावर कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. धुळाजी तोंडाशी हात धरून शीळ घालत होता, घालतच होता.

"अहो," गंगासागर हळूच म्हणाली, "पाव्हणे दारात आले अन् घरातली झाडून सगळी टक लावून उभी राहिली, तर पाव्हणा आत येईल का हो?"

मी शिडी मागितली. पटाशीने एकेक डोळा खरवडून काढला. नकट्याचे काढले, थापट्याचे काढले, टिबुकलीचे ते इवलेसे दोन काढले. खोटं कशाला बोलू, रडू येत होतं. मग बादलीत चुना कालवला आणि तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फासत गेलो. वाळल्यावर दुसरा हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थवा आला. एक घिरटी घातली, आणि सळसळत सगळा पाण्यावर उतरला. धुळाजीने तोंडाशी धरलेले हात खाली घेतले आणि उपरण्याने डोळे पुसले.

आणि अप्पांनी सगळ्या गावासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला! बीडहून आलेल्या दोन पाहुण्यांना त्यांनी खास पुढे बोलावलं, भिंतीकडे बोट केलं, आणि न खोकता, खणखणीत आवाजात म्हणाले,

"ह्ये आमचे जावई! पेंटर हायत! चुना बघा कसा दिलाय, लई भारी! कुठं डाग म्हणून न्हाई!"

मी हात जोडले. आणखी काय करणार? तेव्हापासून गावात माझं नाव झालं आहे आणि कामंही येतात. पुढच्या आठवड्यात शाळेची भिंत आहे, मग देवळाची, मग वच्छलाबाईंचा ओटा. सगळी पांढरी.